चाकखुर्ची, विद्युत्

ज्यांना पायांनी चालता येत नाही आणि हातांनी चाके फिरविण्याइतकी शक्तीही ज्यांच्या हातांत नसते, अशा व्यक्तींना दुसऱ्याच्या मदतीवाचून हिंडता-फिरता यावे म्हणून विद्युत् घटमालेवर, म्हणजे बॅटरीवर, चालणारी जी खुर्ची वापरतात, तिला विद्युत् चाकखुर्ची म्हणतात. व्यवहारात ती इलेक्ट्रिक व्हीलचेअर या नावाने ओळखली जाते. मज्जारज्जूला झालेली इजा, पोलिओ, स्नायुक्षय, मेंदूचा पक्षाघात, संधिवात, वार्धक्य इ. कारणांनी चलनवलन खुंटलेल्या व्यक्तींना तिचा उपयोग होतो. ही खुर्ची वापरणाऱ्याच्या दृष्टीने केवळ बसण्याचे साधन नसून त्याच्या पायांची जागा घेणारे यंत्र असते. त्यामुळे तिचा अपघात टाळणे जितके महत्त्वाचे, तितकेच अपघाताच्या भीतीने माणूस घरात अडकून पडू नये हेही महत्त्वाचे ठरते. ही दोन्ही उद्दिष्टे साधण्यासाठी खुर्ची कोणत्या कारणांनी उलटते, घसरते वा थांबत नाही याचे ज्ञान वापरणाऱ्यास व त्याच्या कुटुंबियांस असणे आवश्यक असते.

इतिहास : पोलादी नळ्यांची घडी घालता येणारी चाकखुर्ची अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये प्रचारात आणली. एव्हरेस्ट हे स्वतः खाणीतील अपघाताने अपंग झालेले अभियंते होते. मात्र ही खुर्ची चालविण्यासाठी हातांत बळ असावे लागे. दुसऱ्या महायुद्धात मानेजवळ मज्जारज्जूला इजा झालेले अनेक सैनिक नव्या औषधोपचारांमुळे वाचले. पण त्यांचे हात व पाय दोन्ही निकामी झालेले होते. अशा सैनिकांसाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील अभियंते जॉर्ज क्लाइन (१९०४–९२) यांनी विद्युत् चाकखुर्ची विकसित केली. १९५६ मध्ये एव्हरेस्ट व जेनिंग्ज यांच्या कंपनीने अशा खुर्च्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. भारतात कृत्रिम अवयव व साहाय्यक साधने बनविण्यासाठी कानपूर येथे १९७२ मध्ये भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगम हा सरकारी उपक्रम स्थापन झाला. विद्युत् चलित्र बसविलेल्या तीनचाकी सायकलीही या निगमामार्फत तयार होतात. मद्रास येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेतील संशोधनातून, हाताने चालवावयाच्या चाकखुर्चीला पुढून जोडता येईल असा चलित्रयुक्त भाग तयार झाला असून त्याच्या साहाय्याने ताशी २५ किमी. पर्यंत वेग गाठता येतो.

रचना व कार्य : नेहमीच्या विद्युत् चाकखुर्चीत बैठक व सांगाडा, दोन चालक चाके, दिशा बदलताना आपोआप वळणारी लहान चाके, प्रत्येक चालक चाकासाठी स्वतंत्र विद्युत् चलित्र (मोटार), घटमाला, नियंत्रक व नियंत्रण दांडी हे मुख्य भाग असतात. बहुतेक खुर्च्यांत प्रत्येकी १२ व्होल्टचे दोन विद्युत् घटसंच एकसरीत जोडून २४ व्होल्ट दाब मिळवितात. जॉयस्टिक या नावाने परिचित असलेली नियंत्रण दांडी ज्या दिशेस कलवावी त्या दिशेस खुर्ची जाते व जितकी अधिक कलवावी तितका वेग वाढतो. वळताना दोन्ही चाकांना कमीअधिक वेग दिला जातो. त्यासाठी वेगळे सुकाणू लागत नाही. हातांत मुळीच शक्ती नसल्यास हनुवटीने, डोक्याच्या हालचालीने किंवा नळीतून फुंकर मारून व श्वास ओढून चालविण्याची सोय करता येते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने या खुर्चीचा गतिरोधक (ब्रेक) विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मोटारगाडीत गतिरोधक लावण्यासाठी बल द्यावे लागते. येथे उलट व्यवस्था असते. चलित्रावरील गतिरोधक स्प्रिंगच्या दाबाने नेहमी लागलेलाच असतो व विद्युत् प्रवाह मिळाल्यावर विद्युत् चुंबकामुळे तो सुटतो. म्हणून दांडीवरील हात निघाला की खुर्चीचा वेग कमी होऊन ती थांबते आणि घटमाला संपली किंवा तार तुटली तरी गतिरोधक लागतो. मात्र बंद पडलेली खुर्ची हाताने ढकलता यावी यासाठी चलित्र व चाक यांचा संबंध तोडणारी एक तरफ दिलेली असते. ही तरफ सोडलेल्या स्थितीत ठेवल्यास चलित्राचा गतिरोधक कामाचा राहत नाही व खुर्ची उतारावर मोकळी धावू लागते. उतारावर असताना ही तरफ कधीही सोडू नये. खुर्ची ढकलून झाल्यावर ती पूर्ववत झाल्याची खात्री करूनच व्यक्तीस खुर्चीत बसवावे.

खुर्ची धावत असताना कळ दाबून विद्युत् प्रवाह बंद केल्यास गतिरोधक एकदम लागतो व बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाण्याचा संभव असतो. नेहमी थांबण्यासाठी दांडी मध्यभागी येऊ द्यावी. प्रवाह बंद करण्याचा उपाय खुर्ची ताब्यात राहत नसेल तेव्हाच योजावा.

स्थैर्य : खुर्ची व बसलेली व्यक्ती यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा जोवर चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रात पडते, तोवर खुर्ची उभी राहते. ती रेषा मागील चाकांच्या पलीकडे गेली की खुर्ची मागे उलटते. उदा., व्यक्तीसह १०० किग्रॅ. वजनाच्या एका हलक्या खुर्चीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंमी. उंचीवर व मागील चाकांच्या आसाच्या २५ सेंमी. पुढे आहे असे मानू. ही खुर्ची सुमारे २२·५ अंशांच्या चढावर मागे उलटण्याच्या बेतात येईल. आता तिच्या पाठीला १० किग्रॅ. वजनाची पिशवी अडकविली आणि ती आसाच्या २० सेंमी. मागे व गुरुत्वमध्याच्याच उंचीवर लोंबत राहिली, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ४ सेंमी. मागे सरकतो व हीच मर्यादा सुमारे १९ अंशांवर येते.

चढावर खुर्ची झटक्याने सुरू केल्यास आणखी भर पडते. प्रतिसेकंदास १ मी. प्रतिसेकंद इतका प्रवेग दिल्यास त्याचा परिणाम चढ सुमारे ६ अंशांनी वाढल्यासारखा होतो. पदपथाच्या १० सेंमी. उंच कडेवर पुढील चाके चढविताना, पुढील व मागील चाकांमधील अंतर ४५ सेंमी. असल्यास खुर्ची सुमारे १३ अंश मागे कलते. १३ अंशांचा कल व झटक्याचे ६ अंश यांची बेरीज पिशवी लावलेल्या खुर्चीच्या मर्यादेएवढीच होते. पिशवी, कड व झटका यांपैकी एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते. परंतु त्या एकत्र आल्या म्हणजे सपाट रस्त्यावरही खुर्ची उलटू शकते. यास्तव जड सामान पाठीला न अडकविता बैठकीखाली ठेवावे, पुढे झुकता येत असल्यास चढताना किंचित झुकावे आणि उलटण्यास अटकाव करणारी मागील लहान चाके काढून ठेवू नयेत. टेकण मागे कलविण्याची किंवा बैठक उंच करण्याची सोय असल्यास ती सपाट जागी व खुर्ची उभी असतानाच वापरावी, कारण दोन्ही क्रियांनी गुरुत्वमध्य प्रतिकूल दिशेस सरकतो.

चढण व उतरण नेहमी उताराच्या दिशेने सरळ करावी. तिरके गेल्यास बाजूला उलटण्याचा धोका असतो व उतारावर मध्येच वळणे त्याहून धोक्याचे असते. उतरताना वेग प्रथमपासूनच कमी ठेवावा. सार्वजनिक इमारतींतील उतरत्या मार्गासाठी म्हणजे रॅम्पसाठी १ : १२ हे प्रमाण सामान्यतः स्वीकारलेले आहे, हा उतार सुमारे ४·८ अंशांचा असतो. दुकानाच्या पायऱ्यांवर टाकलेल्या फळीचा उतार पुष्कळदा याच्या कित्येक पट असतो. अशी फळी घसरते व तिला कडाही नसतात. म्हणून केवळ ती रुंदीला पुरते एवढ्यावरून तिच्यावर विसंबू नये.

वेग व थांबण्याचे अंतर : बहुतेक खुर्च्यांचा कमाल वेग ताशी ६ ते १० किमी. असतो. ब्रिटनमधील नियमांनुसार पदपथावर ताशी ४ मैल (सु. ६·४ किमी.) व योग्य वर्गातील खुर्चीस रस्त्यावर ताशी ८ मैल (सु. १२·८ किमी.) अशी मर्यादा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. ताशी २५ किमी. वेगाने जाणाऱ्या खुर्चीची ऊर्जा ताशी ६ किमी. वेगाच्या तुलनेत सु. १७ पट असते. याखेरीज धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर ताशी ६ किमी. वेगाने तेवढ्यात सु. १·७ मी. अंतर कापले जाते. वजनदार खुर्ची मंद चालत असली, तरी तिच्या पुढ्यात आलेल्या लहान मुलाच्या पायाला गंभीर इजा होऊ शकते. घरात, गर्दीत, दारांतून जाताना व मागे येताना वेगमर्यादेची कळ सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावी. वळणावरही हेच पथ्य पाळावे, कारण वेग निम्मा केला की बाहेर फेकणारा परिणाम चतुर्थांश होतो. पुढे एकच चाक असलेल्या तीनचाकी वाहनात वळणावर बाजूला उलटण्याचा संभव अधिक असतो.

घटमाला व विद्युत् भारण : या खुर्च्यांत पूर्वीपासून बंदिस्त शिसे-अम्ल घट वापरात आहेत व अलीकडे वजनाने हलक्या लिथियम-आयन घटांचा वापर वाढला आहे. शिसे-अम्ल घट पूर्णपणे रिकामे होऊ दिल्यास किंवा रिकाम्या स्थितीत ठेवून दिल्यास त्यांचे आयुष्य घटते. म्हणून वापरानंतर ते दररोज रात्री भारित करावेत. भारण चालू असताना त्यांतून थोडा हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. यामुळे जागा हवेशीर असावी व जवळ ज्योत अथवा ठिणगी नसावी. लिथियम-आयन घटांसाठी त्याच घटांकरिता बनविलेला चार्जरच वापरावा. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली घटमाला वापरू नये. भारण शक्यतो बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर करू नये. आग लागल्यास चालू न शकणाऱ्या व्यक्तीची सुटकेची वाट तीच असते.

एका भारणात किती अंतर जाता येईल हे वजन, चढउतार, रस्त्याचा पृष्ठभाग, टायरमधील हवा व घटांचे वय यांवर अवलंबून असते. दर्शकातील चिन्ह जुन्या घटांच्या बाबतीत फसवे ठरते, म्हणून परतीचा मार्ग धरूनच प्रवास आखावा.

पाऊस, कपडे व ऊन : बहुतेक खुर्च्यांचे नियंत्रक मुसळधार पाऊस सोसतील असे नसतात. नियंत्रण दांडीच्या बुडाशी पाणी शिरल्यास खुर्ची थांबते किंवा अनपेक्षितपणे हलते. कोकण व मुंबईसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशांत दांडीवर पारदर्शक आच्छादन असावे व भिजलेली खुर्ची कोरडी करूनच भारित करावी. साचलेल्या पाण्यातून कधीही जाऊ नये, कारण त्याखाली खड्डा किंवा उघडे गटार असल्यास ते दिसत नाही.

साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा, शाल किंवा मांडीवरील चादर चाकात अडकण्याचा धोका भारतीय पेहरावात विशेष संभवतो. ओढणी गळ्याभोवती असल्यास ती ओढली जाऊन प्राणावर बेतू शकते. चाकांवर संरक्षक पत्रा असावा आणि निघण्यापूर्वी कपड्यांची टोके मांडीखाली किंवा कमरेला खोचून घ्यावीत. मज्जारज्जूच्या इजेमुळे पायांतील संवेदना गेलेल्या व्यक्तीला पाय पायटेकणावरून घसरून जमिनीवर फरफटत असल्याचे कळत नाही. उन्हात तापलेल्या धातूच्या भागांनी वा काळ्या रेक्झिनने भाजल्याचेही तिला उमगत नाही. अशा व्यक्तीने पायांची स्थिती डोळ्यांनी वारंवार पाहावी.

खुर्चीत चढणे, उतरणे व प्रवास : खुर्चीत बसताना वा उतरताना प्रथम विद्युत् प्रवाह बंद करावा, अन्यथा बाही किंवा कोपर लागून दांडी हलते व खुर्ची सरकते. पायटेकणे वर उचलावीत किंवा बाजूला वळवावीत. त्यांच्यावर उभे राहिल्यास खुर्ची पुढे उलटते. माणसासह विद्युत् चाकखुर्ची जिन्यावरून उचलून नेऊ नये. रिकामी खुर्ची उचलताना घटमाला काढून ठेवावी आणि खुर्चीचा हात, पायटेकण असे सुटे होणारे भाग न धरता सांगाडा धरावा. सरकत्या जिन्यावर ती नेणे पूर्णपणे वर्ज्य आहे.

मोटारीत खुर्चीवर बसूनच प्रवास करावयाचा असल्यास खुर्चीचे तोंड पुढे असावे व तिचा सांगाडा चार पट्ट्यांनी गाडीच्या तळाशी बांधावा. व्यक्तीसाठी गाडीला जोडलेला स्वतंत्र पट्टा लागतो; खुर्चीचा कमरपट्टा बसण्याची ठेवण राखण्यापुरता असून अपघाताचा आघात सहन करू शकत नाही. हा कमरपट्टा सैल असल्यास व्यक्ती खाली घसरून तो छातीवर वा गळ्याशी येतो, म्हणून तो कटीच्या हाडांवर नीट बसलेला असावा. विमान प्रवासात सुट्या करता येणाऱ्या लिथियम-आयन घटमालेवर ३०० वॉट-तास, किंवा दोन घटमाला असल्यास प्रत्येकी १६० वॉट-तास, अशी मर्यादा असून ती काढल्यावर सामानात न देता प्रवाशांच्या कक्षातच न्यावी लागते. याची पूर्वसूचना विमान कंपनीस द्यावी.

शिक्षण, देखभाल व मानके : खुर्ची निवडताना व्यक्तीच्या शरीराची मापे, हातांची शक्ती, दृष्टी, आकलन व राहत्या घराची रचना यांचा विचार तज्ञाकडून व्हावा लागतो. मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेसारख्या (स्थापना १९५५) संस्थांत पुनर्वसनाचे असे कार्य चालते. सराव प्रथम मोकळ्या सपाट जागी व सर्वांत कमी वेगाने करावा. त्यानंतर दारे, वळणे, उतार व शेवटी रस्ता असा क्रम ठेवावा. गुंगी आणणारी औषधे किंवा मद्य घेतले असताना खुर्ची चालवू नये. एकाच स्थितीत दीर्घकाळ बसल्याने दाबव्रण होतात. त्यामुळे शरीराचा भार ठराविक वेळाने बदलणे हाही सुरक्षित वापराचाच भाग होय.

टायरमधील हवा, गतिरोधक, नटबोल्ट, तारांचे आवरण व नियंत्रण दांडी हात सोडताच मध्यभागी येते की नाही यांची आठवड्यातून एकदा तपासणी करावी. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ७१७६ क्रमांकाच्या मानकमालिकेत स्थैर्य, गतिरोध, मजबुती, नियंत्रण यंत्रणा इत्यादींच्या चाचण्या ठरविलेल्या आहेत. रेडिओ तरंगांमुळे खुर्ची आपोआप हलण्याच्या शक्यतेकडे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० नंतरच्या दशकात लक्ष वेधले. तेव्हापासून अशा व्यत्ययाची चाचणीही महत्त्वाची मानली जाते. शक्तिशाली प्रक्षेपक जवळ असल्यास खुर्ची थांबवून प्रवाह बंद ठेवणे इष्ट असते.

मदतनिसाचे कर्तव्य : मदत करणाऱ्याने विचारल्याशिवाय खुर्ची ढकलू नये किंवा नियंत्रण दांडीला हात लावू नये. दोघांच्या परस्परविरोधी हालचालींनी खुर्ची भलत्याच दिशेस जाते आणि स्वतःच्या शरीरावरील ताबा दुसऱ्याने काढून घेतल्यासारखे व्यक्तीस वाटते. खुर्ची उलटल्यास प्रथम प्रवाह बंद करावा व मान किंवा पाठ यांना इजा झाल्याची शंका असल्यास व्यक्तीस ओढून उठवू नये.

परिसर व कायदा : चालक कितीही दक्ष असला, तरी पदपथाची कड उतरती नसेल, दार अरुंद असेल किंवा गटाराचे झाकण मोडलेले असेल, तर त्याला वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागते. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. सार्वजनिक इमारती, वाहतूक व रस्ते सर्वांना वापरता येतील असे करण्याची जबाबदारी त्याने शासन व इतर आस्थापनांवर टाकली आहे. सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाले. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये यासंबंधीची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची न राहता बंधनकारक असली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. विद्युत् चाकखुर्चीची सुरक्षितता अशा रीतीने यंत्र, चालक व मार्ग या तिघांवर अवलंबून असते. त्यांपैकी पहिल्या दोहोंची काळजी कुटुंबास घेता येते. तिसऱ्याची जबाबदारी मात्र समाजाला उचलावी लागते.